ओला कचरा, सुका कचरा आणि आमचे हात

१७ जुलै २०२५ रोजी दिल्लीच्या विज्ञान भवनात राष्ट्रपतींच्या उपस्थितीत स्वच्छ सर्वेक्षणाचे निकाल जाहीर झाले. तीन ते दहा लाख लोकवस्तीच्या शहरांत आमचे मीरा-भाईंदर देशात पहिले आले. बिलासपूर आणि जमशेदपूर ही शहरे त्याच्या मागे. नागरिक म्हणून आनंद झाला, तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु असा सन्मान मिळाला की अभिनंदनाच्या फलकावर ज्यांची छायाचित्रे लागतात, त्यांत पहाटे घंटागाडीच्या मागे धावणारा एकही चेहरा कधी नसतो. हा पहिला क्रमांक ज्या हातांनी मिळवून दिला ते हात कुणाचे, हा प्रश्न सर्वेक्षणाच्या गुणपत्रिकेत येतच नाही. तो आपल्याला विचारावा लागतो.

भाईंदर पश्चिमेहून मुर्धे, राई, मोर्वे ही गावे मागे टाकत रस्ता उत्तनकडे जातो. एका बाजूला खाडी आणि मिठागरे, पुढे डोंगरी, तारोडी, चौक, पाली. कोळी, आगरी आणि ख्रिस्ती बांधवांची ही जुनी गावे. याच भागात धावगी डोंगरावर महापालिकेचा घनकचरा प्रकल्प आहे. प्रकल्प हा कागदावरचा शब्द. गावकरी त्याला डम्पिंगच म्हणतात, आणि नाव ठेवण्याच्या बाबतीत गावकरी सहसा चुकत नाहीत. शहराचा कचरा वर्षानुवर्षे तिथे साचला. उन्हाळ्यात ढिगाला आगी लागत आल्या, धूर गावांवर उतरत आला. पावसाळ्यात कचऱ्यातून झिरपणाऱ्या काळ्या पाण्याने शेती नासल्याच्या तक्रारी होत राहिल्या. गावकऱ्यांनी मोर्चे काढले, गाड्या अडवल्या, उच्च न्यायालयात गेले, हरित न्यायाधिकरणात गेले.

त्यावर उपाय म्हणून नाव पुढे आले ते वसई तालुक्यातील साकवारचे. मुंबई-अहमदाबाद महामार्गालगतचा हा भाग, आजूबाजूला आदिवासी पाडे. म्हणजे इमारतींतून निघालेला कचरा आधी कोळ्यांच्या दारात टाकायचा, कोळ्यांनी आवाज केला की आदिवासींच्या दारात नेण्याची तजवीज करायची! या देशात कचऱ्यालासुद्धा उतरंड बरोबर ठाऊक असते. तो कायम वरून खाली घरंगळतो. प्रत्यक्षात साकवारचा बेत अनेक वर्षे कागदावरच फिरत राहिला आणि गाड्या उत्तनलाच जात राहिल्या, हा भाग वेगळा.

हा कचरा एवढा झाला कसा? १९९१ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या सुमारे पावणेदोन लाख होती. २००१ मध्ये ती ५ लाख २० हजारांच्या घरात गेली आणि २०११ मध्ये ८ लाख ९ हजार झाली. भातशेती आणि मिठागरे संपली, टॉवर उभे राहिले. २८ फेब्रुवारी २००२ रोजी नगरपरिषदेची महानगरपालिका झाली. बिल्डरला परवानगी देताना पाणी कुठून येणार हे निदान विचारले तरी गेले. कचरा कुठे जाणार हे कुणी विचारले नाही. तो जाईल कुठेतरी, नेईल कुणीतरी, हे गृहीतच होते. हे ‘कुणीतरी’ म्हणजे कोण, हे भारतात सांगावे लागत नाही.

आता कायदा पाहू. अल्मित्रा पटेल यांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात कचऱ्याच्या प्रश्नावर जनहित याचिका दाखल केली. तिच्या रेट्यातून केंद्र सरकारने सप्टेंबर २००० मध्ये नागरी घनकचऱ्याचे नियम केले. क्षेपणभूमीवर फक्त न कुजणारा, निरुपयोगी कचरा न्यायचा. कुजणाऱ्या कचऱ्याचे खत किंवा गॅस करायचा, पुन्हा वापरता येईल ते वापरायचे. प्रक्रिया केंद्रे उभारण्याची अखेरची मुदत त्या नियमांत दिली होती ३१ डिसेंबर २००३. ज्या वर्षी आमची महापालिका जन्माला आली त्याच्या पुढच्याच वर्षीची ही मुदत! ती केव्हाच सरली. सर्वसामान्य माणसाने घरपट्टी दोन वर्षे भरली नाही तर जप्तीची नोटीस येते. शासन-प्रशासनाने वीस-वीस वर्षे मुदत पाळली नाही तर नवे नियम येतात. तसे ते एप्रिल २०१६ मध्ये आले आणि आता पुन्हा आले आहेत. २०२६ चे नियम १ एप्रिल २०२६ पासून लागू झाले असून त्यांत घरातच कचऱ्याचे चार भाग करायला सांगितले आहे: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा.

या अल्मित्रा पटेल प्रकरणाची एक गोष्ट चळवळीच्या वाचकांनी लक्षात ठेवावी अशी आहे. याच प्रकरणात १५ फेब्रुवारी २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीविषयी जो आदेश दिला, त्यात झोपडपट्टीवासीयाला पर्यायी जागा देणे म्हणजे खिसेकापूला बक्षीस देण्यासारखे आहे, अशा अर्थाचे विधान आले. शहर स्वच्छ कसे करावे याचा विचार सुरू असताना न्यायमूर्तींच्या डोळ्यांसमोर कचऱ्याबरोबर झोपडीतला माणूसही आला! याचिकाकर्तीचा हेतू चांगला होता आणि तिच्यामुळेच या देशाला कचऱ्याचा कायदा मिळाला, हे मान्य केले पाहिजे. पण कायद्याच्या जन्मवेळी त्याच्या भोवती कोणत्या मनाची माणसे उभी होती, हेही नोंदवून ठेवले पाहिजे. शहर झाडणारा माणूस राहतो त्याच झोपडीत.

आपल्या घरातला निम्म्याहून अधिक कचरा ओला असतो. भाजीची देठे, उरलेले अन्न, चहाचा चोथा. तो वेगळा ठेवला, हवा लागू दिली, तर महिना-दीड महिन्यात त्याचे खत होते. बंद टाकीत घातला तर गॅस होतो. सुका कचरा कोरडा राहिला तर भंगारवाला विकत घेतो. पण हे दोन्ही एका पिशवीत बांधले की दोन्ही नासतात. ओल्यात काच आणि प्लास्टिक गेल्याने खत बिघडते, कागद भिजल्याने विकला जात नाही. उरलेल्याचा सिमेंट कारखान्यांसाठी जळण म्हणून उपयोग करावा तर ओलाव्यामुळे ते नीट जळत नाही. मग ही पिशवी डोंगरावर जाते. ढिगाच्या पोटात हवा नसते. तिथे कुजताना मिथेन तयार होतो आणि तोच पेट घेतो. उत्तनची आग उत्तनमध्ये लागत नाही. ती शांतीनगरच्या, पूनमनगरच्या स्वयंपाकघरातल्या एकाच डब्यात लागते. कोट्यवधींचे प्रकल्प, यंत्रे, कंपन्या आणून उपयोग होत नाही त्याचे मूळ कारण हे.

परंतु पर्यावरणवादी मंडळी इथेच थांबतात. आपल्याला पुढे जायचे आहे. स्वयंपाकघरात कचरा वेगळा झाला नाही, तर तो वेगळा होतच नाही असे नाही. होतो. घंटागाडीच्या पाठीमागे, हजेरी शेडजवळ, प्रकल्पातल्या सरकत्या पट्ट्यावर, डम्पिंगच्या उतारावर कुणीतरी तो हाताने वेगळा करत असते. सडलेले अन्न, वापरलेले सॅनिटरी पॅड, लहान मुलांचे डायपर, मधुमेहाच्या रुग्णाची सुई, फुटलेला काचेचा ग्लास हे सारे एका पिशवीत. गृहिणीला दुसरा डबा ठेवण्याचा कंटाळा, साहेबांना त्यात कमीपणा. त्यांच्या कंटाळ्याची किंमत कुणाच्या तरी बोटांनी मोजली जाते.

ठाणे जिल्ह्यातल्याच एका शहरातली बाई माझ्याकडे आली होती. वय पन्नाशीच्या आसपास. तळहाताला पट्टी. कचरा निवडताना काच घुसली, जखम चिघळली, पंधरा दिवस खाडा झाला. परत गेली तर मुकादमाने सांगितले, तुझ्या जागी दुसरी घेतली. मी विचारले, “मावशी, नेमणुकीचे पत्र आहे का?” तिने प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढले. रेशनकार्ड, आधार, मुलाची दहावीची गुणपत्रिका, सरकारी दवाखान्याचा केसपेपर. नेमणुकीचे पत्र नाही, पगाराची चिठ्ठी नाही, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक नाही. नऊ वर्षांत तीन ठेकेदार बदलले, ती मात्र तिथेच होती. “हातमोजे देत होते का?” “देत होते दादा, साहेब पाहायला यायचे त्या दिवशी. संध्याकाळी परत घ्यायचे.” केसपेपरवर जखमेचे कारण लिहिले होते, घरकाम करताना. ते तसे सांग असे तिला मुकादमानेच शिकवले होते.

२०१६ च्या नियमांत सफाई कामगाराला गणवेश, हातमोजे, रेनकोट, योग्य पादत्राणे आणि मास्क मिळतील हे पाहण्याची जबाबदारी स्पष्ट शब्दांत स्थानिक संस्थेवर टाकलेली होती. कचरावेचकांच्या संघटनांना मान्यता द्या, त्यांना या कामात सामावून घ्या, हेही त्यात होते. मग या मावशीचे मालक कोण? महापालिका ठेकेदाराकडे बोट दाखवते. ठेकेदार सांगतो, माझे कंत्राट संपले.

आता कायद्याचा एक बारकावा सांगतो, कारण तो येत्या काळात आपल्या अनेक बांधवांच्या पोटाशी येणार आहे. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा नोव्हेंबर २०२५ मध्ये गेला. त्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता आली. तिच्या कलम ५७ ने आस्थापनेच्या मुख्य कामात कंत्राटी कामगार लावायला मनाई केली आहे. ऐकायला छान. पण मुख्य काम म्हणजे काय, याच्या व्याख्येतून काही कामे बाहेर काढली आहेत आणि त्या यादीत पहिलेच नाव आहे सफाईचे. झाडणे, स्वच्छता, सर्व प्रकारच्या कचऱ्याची उचल आणि विल्हेवाट. म्हणजे मनाई आहे, पण झाडूवाल्याला तिचा उपयोग नाही. मात्र या अपवादाला स्वतःची एक अट आहे. ती आस्थापना त्याच कामासाठी स्थापन झालेली नसेल, तरच हा अपवाद लागू होतो. बँकेचे मुख्य काम झाडणे नाही हे खरे. महापालिकेचे काय? राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवायच्या विषयांत सहाव्या क्रमांकावर सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता आणि घनकचरा व्यवस्थापन आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ चे कलम ६३ रस्ते झाडणे, कचरा गोळा करणे आणि त्याची विल्हेवाट लावणे हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य ठरवते. जी संस्था कचरा उचलण्यासाठीच जन्माला घातली, तिचे हे मुख्य काम नाही असे कोणत्या तोंडाने सांगणार? माझ्या मते इथे हा अपवाद लागूच होत नाही. समोरचा वकील उठून म्हणेल की हे काम नेहमी ठेकेदारामार्फतच होत आले आहे, आणि तशी पळवाटही त्याच कलमात ठेवलेली आहे. म्हणून हा मुद्दा सोपा नाही. लढावा मात्र लागेल.

असे लढे जिंकता येतात. शेजारच्या मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षे खटला चालवला. २०१४ साली औद्योगिक न्यायाधिकरणाने २,७०० कंत्राटी सफाई कामगारांच्या बाजूने निवाडा दिला. महापालिका उच्च न्यायालयात गेली, तिथे हरली. सर्वोच्च न्यायालयात गेली, तिथे एप्रिल २०१७ मध्ये कामगारांचा हक्क कायम झाला. निकाल लागेपर्यंत काही कामगार हयात नव्हते, ही बाब वेगळी नोंदवायला हवी.

इथे चळवळीतला एक तरुण मला विचारतो, आणि त्याचा प्रश्न मी टाळू शकत नाही. तो म्हणतो, सर, बाबासाहेबांनी घाणीची कामे सोडायला सांगितली आणि तुम्ही त्याच कामात आमच्या आयाबहिणींना कायम करा म्हणून कोर्टात उभे राहता, हे कसे? मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत मेलेली ढोरे ओढू नका असे आवाहन झाले, गावकीच्या जोखडाला नकार दिला गेला, हे खरेच आहे. पुढे महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणले. परंतु याच बाबासाहेबांनी १९३० च्या दशकात मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची संघटनाही बांधली. या दोन गोष्टींत विरोध नाही. गावकीचे काम जातीने लादलेले होते, त्याला वेतन नव्हते, बलुत्याच्या भाकरीवर भागवावे लागे, ते नाकारण्याचा अधिकार नव्हता. संघटना बांधण्याचा अर्थ हा की जो आज झाडूवर आहे त्याला वेतन, रजा, औषधोपचार आणि नकाराचा अधिकार मिळावा. ठेकेदारी पद्धतीत मला गावकीच परत आलेली दिसते. लेखी काही नाही, मोबदला मुकादमाच्या मर्जीवर, आणि आडनाव बघून काम. विश्वास बसत नसेल तर पहाटे सहाला कोणत्याही हजेरी शेडवर जाऊन उभे राहा आणि पुकारली जाणारी आडनावे ऐका. तिथे जोशी, कुलकर्णी, शहा ऐकू आले तर मला अवश्य कळवा.

त्या तरुणाच्या प्रश्नाचा एक भाग मात्र अजून मला छळतो. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे कायम सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. २४ फेब्रुवारी २०२३ च्या शासन निर्णयाने त्या तरतुदी सुधारून एकत्र केल्या. बेकारीच्या काळात ज्या घरात दुसरा आधार नाही तिथे हा हक्क मोलाचा आहे, तो काढून घेऊ पाहणाऱ्याच्या विरोधात मी उभा राहीन. पण बापाचा झाडू मुलाच्या हातात देणारी तरतूद पुरोगामी म्हणून मिरवताना माझी जीभ अडखळते. त्या मावशीच्या मुलाची गुणपत्रिका माझ्या टेबलावर होती. गणितात त्याला ८४ गुण होते.

आमचेच शहर असे आणि बाकी सगळीकडे आनंदीआनंद, असे समजू नये. देवनारला १९२७ पासून मुंबईचा कचरा पडत आला आणि त्याच्या कडेला कोण वसले? दलित, मुस्लिम, परप्रांतातला मजूर. जानेवारी २०१६ मध्ये तो ढीग पेटला, धूर मुंबईभर पसरला, तेव्हा कुठे बातमी झाली. गोवंडीने तो धूर रोज गिळला होता. उलट सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ले नगरपरिषदेने रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना घराघरात कचरा वेगळा करायला लावला, पुढे वीसहून अधिक प्रकारांत तो वेगळा होऊ लागला, आणि डम्पिंगची जागा लोक पाहायला येऊ लागले. वेंगुर्ले लहान गाव आहे, तिथले गणित मीरा-भाईंदरला जसेच्या तसे बसणार नाही. पण पहिला धडा बसतो, कारण तो डब्यापाशी सुरू होतो. पुण्यात बाबा आढावांच्या पुढाकाराने १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. त्यातून पुढे कचरावेचक स्त्रियांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली. ठेकेदार मधून गेला, घराघरातून शुल्क थेट बाईच्या हातात, भंगाराचे पैसेही तिचेच. यातही बाया बहुतांश आपल्याच समाजाच्या, हे खरे. तरी मालक कोण हा प्रश्न तिथे निदान सुटला.

आणि थोडे स्वतःकडे. आपल्यातली शिकलेली पिढी आता मीरा रोडच्या, काशिमीऱ्याच्या इमारतींत फ्लॅट घेऊन राहते. दारावर पंचशील ध्वजाचे स्टीकर, दिवाणखान्यात बुद्धमूर्ती. छान आहे. पण दाराबाहेर ठेवलेली काळी पिशवी उघडून पाहा. ओले-सुके एकत्रच असते. प्रस्तुत लेखकाच्या घरीही तीन वर्षांपूर्वीपर्यंत हेच होते, ती पट्टी बांधलेली मावशी येईपर्यंत. सोसायटीच्या सभेत मी दोन डब्यांचा विषय काढला तेव्हा एक गृहस्थ म्हणाले, “मग आम्ही मेंटेनन्स कशासाठी देतो?” पैसे दिले की कुणाच्या तरी हाताला घाण लावण्याचा हक्क विकत मिळतो, अशी ही समजूत. हे वाक्य मी दुसऱ्या दिवशी आपल्याच एका कार्यकर्त्याच्या तोंडून ऐकले, तेव्हा अधिक लागले. विहारात १४ एप्रिलच्या भोजनदानानंतर उरलेल्या पत्रावळ्या, द्रोण आणि पाण्याच्या बाटल्या कोण उचलते, कशा उचलते, हेही आपण पाहायला हवे.

आता कामाचे बोलतो. प्रत्येक प्रभागातल्या एका कार्यकर्त्याने माहिती अधिकाराचा एक अर्ज करावा. घनकचऱ्याच्या कंत्राटाची प्रत मागावी. ठेकेदाराने किती कामगार दाखवले, त्यांच्या नावावर भविष्य निर्वाह निधी आणि राज्य विमा यांचे किती पैसे भरले, त्याची चलने मागावीत. गेल्या तीन वर्षांत हातमोजे, गमबूट, रेनकोट किती खरेदी केले आणि कुणाच्या सहीने वाटले, त्याची नोंदवही पाहायला मागावी. उत्तनच्या वजनकाट्यावर रोज किती टन कचरा आला, त्यातला वेगळा केलेला किती, खत किती झाले, सिमेंट कारखान्याकडे किती गेला आणि ढिगावर किती राहिला, हे महिनावार मागावे. जखमी झालेल्या कामगारांची नोंद ठेवली जाते का, असल्यास तिची प्रत. साकवारच्या जागेबाबतचा सगळा पत्रव्यवहारही मागावा, तिथल्या पाड्यांना विचारले होते का हे त्यातून कळेल.

अर्जाचा मसुदा मी तयार करून ठेवला आहे, पंचायत समितीच्या किंवा ग्रामपंचायतीच्या नावानेही तो वापरता येईल. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा, पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील करायचे. मावशीच्या दाव्याची पुढची तारीख लागली आहे. ठेकेदाराच्या वकिलाने मागच्या वेळी मुदत घेतली. ती मात्र प्रत्येक तारखेला, रोजंदारी बुडवून, वेळेआधी तासभर येऊन बसते.